भाच्याला ९१ टक्के पडले आणि घरात वांधा झाला

औशाचा_मामा

मंडळी, सल्ला पाहिजे. थोडं मन मोकळं पण करायचंय, त्यामुळं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

भाचा यंदा दहावीला ९१ टक्के घेऊन पास झाला. गाव औसा तालुक्यात, पाच एकर जमीन, एक बोअर, तिला पाणी संक्रांतीपर्यंत. दाजींनी निकालादिवशीच जाहीर केलं: लातूर, पीसीएम, सीईटी, जमलं तर जेईई, मग पुण्यात कॉम्प्युटर. पोराला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं, सगळे पेढे खाण्यात गुंग.

चार दिवसांनी पोरगं म्हणालं, मला आयटीआय करायचीय, इलेक्ट्रिशियन. घरात सुतक पडल्यासारखं झालं. दाजींचा एकच प्रश्न, आयटीआय करायला का ९१ टक्के पाडले?

आता या पोराबद्दल सांगतो. मागच्या वर्षी ऐन हरभऱ्याच्या पाण्याला त्यांची पाच एचपीची पाणबुडी जळाली. मोटार भरायला औशाला नेली. हे पोरगं दुकानात बसून राहिलं ते तिसऱ्या दिवशी मोटार घेऊनच परत आलं. जुनी तार कशी ओढून काढतात, किती खाचा, एका खाचेत किती वेढे, तार किती गेजची, कनेक्शन कसं, सगळं वहीत उतरवलेलं. भरलेली मोटार पाण्यात बुडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावतात, तो काटा कुठं आला की पास, हे पण लिहिलंय. पुढं दुकानदार त्याला शनिवार-रविवार बोलवायला लागला. आता गल्लीतले लोक स्टार्टर बिघडला की दाजींना नाही, त्याला हाक मारतात.

म्हणजे ज्या पोराला खरंच यंत्राची जाण आहे, त्याला इंजिनिअर करायचं म्हणून आपण त्याच्या हातातली पक्कड काढून घेणार आणि दोन वर्षं चार पर्यायांतला एक गोल काळा करायला बसवणार. मला हे पटंना.

दाजी मारकुटे नाहीत हो. ओरडत पण नाहीत. रात्री अंगणात बसून अक्काला फक्त एवढंच विचारतात की खालचं वावर विकायला काढलं तर किती येतील. पोरगं आत जागंच असतं.

काय करावं?

---

देगलूरकर

मामा, एवढा विचार कशाला करायलाव? लातूरला टाका, पुढचं आपोआप होतं. आमच्या भावकीतले चार पोरं तसेच निघाले.

---

परभणीची_ज्वारी

@देगलूरकर, चार निघाले ते सांगितले. टाकले किती होते?

---

वाळूज_नाका

मेंटेनन्समध्ये आहे, वाळूजला. बजाजचा कारखाना इथं १९८५ ला आला आणि त्याच्यामागं शेकडो छोटी वर्कशॉपं उभी राहिली. आमचं त्यातलंच एक. आतली गोष्ट सांगतो.

रात्री दोनला लाईन बंद पडली की मी बी.ई. झालेल्या पोराला उठवत नाही. आयटीआयवाल्याला उठवतो. त्याला पॅनेल उघडायची भीती नसते, कारण तो अठराव्या वर्षापासून पॅनेलच उघडतोय. बी.ई. वाला हुशार असतो, पण त्याचं पहिलं वर्ष हात काळे करायची लाज सोडण्यातच जातं. आणि तो येतो कसा? कंत्राटदारामार्फत, ट्रेनी म्हणून, चौदा-पंधरा हजारावर. दोघांच्या पगारात सुरुवातीला हजार-दोन हजाराचा फरक, तो पण कधी उलटा.

पण हे पण खरं की दहा वर्षांनी आयटीआयवाला फार तर सीनियर टेक्निशियन. सुपरवायझरच्या खुर्चीला डिप्लोमा लागतो, त्याच्या वरच्या खुर्चीला डिग्री. कंपनीत कागदाची भिंत असते, कसब कितीही असू दे. त्यामुळं मामा, भाच्याची बाजू घ्या, पण अर्धी.

---

जुना_ओव्हरसिअर

धागा वाचला आणि लिहावंसं वाटलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त आहे.

आपल्याकडचं हे इंजिनिअरचं वेड आयटीमुळं आलं असं तरुण मंडळी समजतात. पुण्या-मुंबईकडं तसं असेल. मराठवाड्यातल्या खेड्यानं इंजिनिअर पाहिला तो १९७२ च्या दुष्काळात, खडीच्या ढिगाजवळ. मी तेव्हा शाळेत होतो. आई दिवसभर खडी फोडायची, खायला मदतीची सुकडी आणि मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. आठवड्याला जीप यायची, त्यातून ओव्हरसिअर उतरायचा, टेप टाकून ढिगाचं माप घ्यायचा आणि वहीत लिहायचा. त्या मापावर मजुरी. माप कमी भरलं की बाया एकमेकींकडं बघायच्या, बोलायची कुणाची छाती नव्हती. पाटील, सावकार, मास्तर, सगळे त्या जीपपुढं वाकलेले मी बघितलेत. त्या बायांनी घरी जाऊन लेकरांना काय सांगितलं असेल? शेतकरी हो म्हणून?

त्याच काळात पैठणला जायकवाडीचं काम चालू होतं. १९६५ ला शास्त्रीजींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ ला इंदिराबाईंच्या हस्ते उद्घाटन. कालवे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, जिकडं बघाल तिकडं काम आणि कामावर माप घेणारा साहेब. डिप्लोमा झालेला पोरगा महिन्याभरात नोकरीवर लागायचा. डिग्रीचं सरकारी कॉलेज औरंगाबादला, १९६० चं. तिथं नंबर लागला तर गावात बातमी. नांदेडला १९८१ साली गुरु गोबिंदसिंगजींच्या नावाचं निघालं. मग १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि ज्याच्याकडं गुण नाहीत पण ऊस आहे, त्याचाही रस्ता खुला झाला.

माझं म्हणणं असं, की लोकांनी शिक्षण बघून इंजिनिअर व्हायचं ठरवलं नाही. टेप कोणाच्या हातात आहे ते बघून ठरवलं. टेप आता दुसऱ्यांच्या हातात गेली, लोकांना कोणी कळवलं नाही एवढंच.

---

परभणीची_ज्वारी

काका, दंडवत.

अवांतर: सुकडीचं नाव काढलं की आमची आजी अजून तोंड वाकडं करते.

---

कोयत्याची_लेक

मी इथं फार लिहीत नाही, पण धाग्याचा सूर बघून राहवलं नाही.

सगळे जण दबाव दबाव करायलेत. माझं गाव धारूर तालुक्यात. आई-बाप दसरा-दिवाळीच्या मधात उचल घेऊन कारखान्याला जायचे ते पाडव्यालाच परत. आम्ही भावंडं आजीजवळ. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला मुकादम पूर्ण उचल देत नाही. म्हणून पोरगं मिसरूड फुटलं की त्याला बायको बघतात आणि पोरगी दहावीला गेली की तिला नवरा. आमच्या घरात दबाव होता तो हा. माझ्या वर्गातल्या मुली मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असताना कारखान्यावर होत्या, एक तर पोटुशी.

मला मॅडमनी फॉर्म भरायला लावला, लातूरच्या शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनला नंबर लागला. राहायची सोय तिथंच, म्हणून बापानं पाठवलं, नाहीतर खोली करून कोण ठेवणार होतं? इलेक्ट्रॉनिक्स केलं, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला. मला सर्किट आवडायचं का? माहीत नाही. मला ऊस आवडत नव्हता, ते पक्कं माहीत होतं.

तुम्ही म्हणता पोराला त्याच्या आवडीचं करू द्या. बरोबर आहे. पण आवड विचारायला घरात आधी थोडी शिल्लक लागते. आमच्यासारख्यांना इंजिनिअरिंग हा एकच दरवाजा असा होता की बापाला दोन शब्दांत समजावता आला. मी त्याला म्हणाले असते की मला इतिहासात बी.ए. करायचंय, तर मांडव पडला असता दुसऱ्या दिवशी.

तेव्हा सरसकट शिव्या घालू नका.

---

संगणकहमाल

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसावं वाटलं, पण माझी बाजू वेगळी आहे म्हणून लिहितो.

मी मेकॅनिकल. बाप गुरुजी, त्यामुळं खायची ददात नव्हती. पण आमच्या कॉलनीत गुरुजींची पोरं मेडिकलला नाहीतर इंजिनिअरिंगला, तिसरा खाना नव्हताच. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, तीनदा दिला. एक वर्ष डाऊन गेलं, ते वर्ष घरात पाहुणे आले की मी गच्चीवर. पाहुणे पण असे की पाणी प्यायच्या आधी विचारणार, कितव्या वर्षाला? आता हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. टर्बाइनशी संबंध आला तो कॅन्टीनच्या पंख्यापुरता.

आणि पैशाचं म्हणाल तर मोठ्या कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज २०१० च्या आसपास तीन-सव्वातीन लाख होतं. आजही साडेतीनच्या आसपासच फिरतंय. मधल्या काळात पुण्यातलं खोलीभाडं कुठं गेलं ते विचारू नका. गावाकडं मात्र मी अजून पॅकेजवाला. चुलत्याच्या बोअरला पैसे, मावशीच्या पोरीच्या लग्नात आहेर, सगळं पॅकेजप्रमाणं.

लग्नाचं तर विचारूच नका. बायोडाटात बी.ई. नसतं तर मला मुलगी मिळाली नसती, हे सासरे तोंडावर म्हणालेत. आमच्याच गावात दहा एकर बागायतवाला, निर्व्यसनी पोरगा पस्तिशीला आला तरी बसलाय. दाजींवर राग धरू नका मामा, त्यांना क्लासपेक्षा हे जास्त दिसत असणार.

---

देगलूरकर

शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या पोरींमुळंच हे सगळं.

---

कोयत्याची_लेक

पोरी का नको म्हणतात ते आईला विचारा तुमच्या. तिनं किती वर्षं शेण काढलं आणि सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का, ते पण विचारा.

---

संपादक

विषय धरून बोला, वैयक्तिक नको.

---

परभणीची_ज्वारी

हिशोबावर येऊ. मी शेतीच करतो, कृषी विद्यापीठाच्या गावात राहून.

मामा, तुमच्या दाजींचं पाच एकर सोयाबीन धरा. एकरी आठ क्विंटल, तेही पाऊस शहाण्यासारखा वागला तर. २०२४ ला हमीभाव ४८९२ होता, आडतीवर आपल्याला चार हजार ते बेचाळीसशे पडले. एकरी तेहतीस हजार. त्यातून बी, खत, तणनाशक, फवारणी, काढणी, मळणी काढा. पाच एकरांचे मिळून साठ-सत्तर हजार हातात राहिले तर नशीब. लातूरला क्लास, खोली, मेस सगळं धरून वर्षाला दीड-दोन लाख लागतात. म्हणजे ही फी पिकातून निघतच नाही. ती वावरातूनच निघते.

आणि वावर विकून भरलेली फी पोराच्या डोक्यावर कशी बसते ते सांगायला नको. ओरडणारा बाप परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं.

दुसरं म्हणजे, एकदा एकर गेला की मग सिव्हिल-मेकॅनिकल चालत नाही, कॉम्प्युटरच पाहिजे. म्हणून कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या तुकड्या वाढायलेत आणि सिव्हिलच्या वर्गात मास्तर जास्त, पोरं कमी. रस्ते कोण बांधणार देव जाणे. (आपल्याकडचे रस्ते बघता आधी तरी कोण बांधत होतं म्हणा. हलकंच घ्या.)

---

पेठेतला_अभ्यासिकावासी

सिव्हिल झालो, आता सदाशिव पेठेत आहे. राज्यसेवा करतोय. माझ्या अभ्यासिकेत आजूबाजूला निम्मे बी.ई. बसलेत, त्यात लातूर-नांदेड-बीडचे भरपूर. टेप गेली म्हणालात ना काका, टेपवाल्यांच्या वरच्या खुर्चीसाठी बसलोय सगळे.

याहून जास्त लिहीत नाही, घरचे विचारतात तेवढं पुरे आहे.

---

फळा_खडू

लातुरात बरीच वर्षं गणित शिकवलं, आता सोडलं. लातूर पॅटर्नला सरसकट नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. शाहू आणि दयानंद कॉलेजच्या जुन्या प्राध्यापकांनी सुरुवातीला केलं ते साधं होतं: अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उरलेला वेळ सराव परीक्षा, आणि प्रत्येक पेपर तपासून पोराला त्याची चूक दाखवायची. खेड्यातलं, मराठी माध्यमाचं पोरगं मुंबईच्या पोराच्या बरोबरीनं बोर्डात आलं ते यामुळं. पैसा नंतर शिरला.

मग परीक्षाच बदलत गेल्या. २०१४ आणि २०१५ ला राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाला जेईई मेन लावली, २०१६ ला परत सीईटी आणली. मधल्या दोन तुकड्यांच्या पोरांचं काय झालं ते आम्हीच पाहिलं. आता सीईटीला गणित शंभर, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून शंभर, बारावीचा भाग साधारण ऐंशी टक्के, अकरावीचा वीस. म्हणून अकरावी कोणी शिकवत नाही आणि पाया कच्चा राहतो. मेडिकलचा ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच भागातल्या पोरांना) २०२० ला गेला, आपल्या भागानंच तो काढा म्हणून आरडाओरड केली होती. त्यानंतर लातूर आणखीच मेडिकलच्या नीट परीक्षेकडं झुकलं.

मी सोडलं त्याचं कारण वेगळं. रविवारी टेस्ट झाली की रँकची यादी लागायची आणि तीच पालकांच्या व्हॉट्सॲपला जायची. सोमवारी सकाळी पोरांचे चेहरे बघून मला कळायचं, रात्री कुणाच्या घरून फोन आला होता. एक मुलगा यादीत दोनशेच्या पुढं गेला की फळ्याकडं बघणंच सोडून द्यायचा. वही पुढं, पेन हातात, पान कोरं. त्याला बोलतं करायला मला महिना लागला. तो नुसता थकला होता, झोप नव्हती. घरी कळवलं तर वडील म्हणाले, सर, अजून एक बॅच लावता का?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत २०२२ ला देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. त्या सगळ्या अभ्यासामुळं होत्या असं नाही. पण ज्यांची पोरं बाहेर खोली करून राहतात त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पोराच्या फोनमध्ये टाकून द्या. फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि फोन केला की पहिला प्रश्न टेस्टचा विचारू नका, जेवणाचा विचारा.

---

देगलूरकर

सर, हे मनाला लागलं. मी म्हणालो त्या चारातला एक अजून ड्रॉपवर आहे, म्हणजे परीक्षा परत द्यायला वर्ष सोडून बसलाय, हा दुसरा ड्रॉप. काल त्याला फोन लावला होता, मी पण मार्कच विचारले.

---

औशाचा_मामा

सगळ्यांचे आभार. काल दाजींकडं जाऊन आलो. ओव्हरसिअर काकांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. सुकडीपर्यंत आलो तर दाजी म्हणाले, माझी आय पण होती त्या खडीवर. मग बराच वेळ त्यावरच बोलत बसले, मुद्दा बाजूलाच राहिला. पण आवाज खाली आला होता.

आयटीआयला ते तयार नाहीत, साफ. भावकीत तोंड कसं दाखवू, म्हणतात. मला राग येतो, पण भावकीत राहायचं त्यांना आहे, मला नाही. पोराला विचारलं तर ते म्हणतं, मला वर्गात कोंडू नका एवढंच, हाताला काम पाहिजे.

वाळूजवाल्या भाऊंनी खुर्च्यांचं सांगितलं त्यावरून मला मधला रस्ता सुचलाय, सरकारी तंत्रनिकेतनला इलेक्ट्रिकल डिप्लोमा. दाजींना तो इंजिनिअरिंगच वाटतो, पोराला वर्कशॉप मिळतं. ज्यांनी केलाय त्यांनी नीट सांगा, कारण दाजी मला आता उलटसुलट विचारणार.

---

कोयत्याची_लेक

मामा, हे आधीच बोलला असता तर मी एवढी तणतणले नसते.

प्रवेश दहावीच्या मार्कांवर, वेगळी परीक्षा नाही. ९१ म्हणजे लातूर किंवा नांदेड, सरकारीत इलेक्ट्रिकलला नंबर लागायला हरकत नाही. तीन वर्षं. सरकारी फी वर्षाला दहा हजाराच्या आतबाहेर, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शुल्काची सवलत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून, बाहेर राहिला तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता पण बघा. वावर विकायचं काही काम नाही, हे दाजींना पहिल्यांदा सांगा, बाकीचं नंतर.

शेवटच्या वर्षाला पोराला वाटलं तर डिप्लोमाच्या मार्कांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नाही वाटलं तर नोकरी. गणित मात्र सोडू देऊ नका, डिग्रीला गेल्यावर एम-थ्री अंगावर येतो. आमच्या डिप्लोमावाल्यांची तिथंच दांडी उडते.

आणि भाऊ, घरात पुतणी-भाची कुणी मुलगी असेल तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. दाजींच्या कानावर ते पण घाला.

---

वाळूज_नाका

उलटा रस्ता पण आहे, दाजी ऐकणार नाहीत पण माहिती म्हणून. दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वर्ष एक जास्त जातं, पण हात तयार होतो. महावितरणची विद्युत सहाय्यक भरती तर आयटीआयवाल्यांचीच असते. आमच्याकडचा आत्ताचा मेंटेनन्स हेड असाच वर आलाय, आणि त्याची रिवाइंडिंगची वही आम्ही अजून कपाटात ठेवलीय.

भाच्याला म्हणावं सुट्ट्यांत ये, शॉप दाखवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

औशाचा_मामा

व्यनि केलाय.

दाजींनी तीन प्रश्न पाठवलेत. नॉन-क्रिमिलेअर आत्ता लागतं की प्रवेशावेळी? पर्याय भरताना पहिलं लातूर टाकायचं की नांदेड? आणि डिप्लोमावाल्याला लग्नात बी.ई. धरतात का?

---

परभणीची_ज्वारी

तिसऱ्याचं उत्तर मुलीचा बाप कोण आहे त्यावर.

---

कोयत्याची_लेक

नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढायला टाका. प्रवेश सुरू झाले की सगळा तालुका तहसीलला जमा होतो आणि सर्व्हर बसतं. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल सोबतच टाका, एका खेपेत होईल. पहिलं लातूर. एसटीनं येणं-जाणं होतं, खोलीचे पैसे वाचतात, आणि शनिवारी मोटारीच्या दुकानात पण जाता येईल त्याला.